खरेपणाची शैली

शैलीचा विचार करताना आम्ही कादंबरी वाचतो, पत्रे वाचतो, क्वचित अग्रलेखही. प्रसिद्धिपत्रकाकडे मात्र विकाऊ गद्य म्हणून पाठ फिरवतो. या गद्याचा इतिहास तपासला, तर ही पाठ फिरवणे घाईचे होते असे वाटू लागते.

१९०६ साली अमेरिकेतील कोळसा खाणमालकांनी आपली बाजू मांडण्यासाठी आयव्ही ली या माजी वार्ताहरास नेमले. लीने संपादकांकडे एक लहानसे निवेदन धाडले. आमचे काम उघडपणे चालते, मजकूर अचूक असेल, आणि कोणत्याही विधानाची शहानिशा करू इच्छिणाऱ्या संपादकास आम्ही मदत करू, असा त्याचा आशय. त्यात विशेषणे जवळजवळ नाहीत. मालक उदार आहेत असे ली म्हणत नाही. तपासून पाहा, एवढेच म्हणतो. वाचकाला पटवण्याची सारी शक्ती या निमंत्रणात आहे. जाहिरात आपल्याला विश्वास ठेवायला सांगते. हे गद्य संशय घेण्याची मुभा देते, आणि म्हणूनच विश्वास कमावते.

पुढे २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वस्तीवर राज्याच्या सैनिकांनी हल्ला केला. तंबू जळाले. एका तंबूखालच्या खड्ड्यात आश्रय घेतलेल्या २ स्त्रिया आणि ११ मुले मरण पावली. खाणकंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातली. त्यांनी लीला बोलावले. त्याने काढलेल्या पत्रकांची मालिका देशभरच्या वजनदार लोकांकडे गेली. भाषा तीच: संयत, आकडेवारीची, आवाज न चढवणारी. त्यांपैकी एका पत्रकात कामगार पुढाऱ्यांना मिळालेली वर्षभराची रक्कम अवघ्या नऊ आठवड्यांची म्हणून छापली गेली. ज्यांची मुले गेली त्यांचेच पुढारी संपावर गबर होत आहेत, हा त्याचा न लिहिलेला अर्थ. आकडा होता म्हणून तो पटला. भडक विशेषण असते तर वाचक सावध झाला असता.

अप्टन सिंक्लेअरने लीचे ‘पॉयझन आयव्ही’ असे नामकरण केले. अंगाला लागताच खाज आणणाऱ्या वेलीचे हे नाव त्याला कायमचे चिकटले. आम्हाला ते काहीसे सोपे वाटते. लीचे गद्य विषारी नव्हते. ते उत्तम होते, हीच तर अडचण आहे. १९१५ च्या आरंभी सरकारी चौकशी आयोगाने त्याला विचारले, की ही माहिती तुम्ही स्वतः पडताळली होती काय? कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जे दिले ते आपण खरे मानले, असे त्याचे उत्तर होते. संपादकांस शहानिशेचे निमंत्रण देणाऱ्याने स्वतः ती केली नव्हती.