किड्याच्या विषाचा खरा धनी



पावसाळ्यात तिन्हीसांजेला दिवा लागला की त्याच्याभोवती नाना तऱ्हेचे किडे गोळा होतात. त्यांत एक किडा दिसतो, तांदळाच्या दाण्याहून थोडा लांब, अंगाने बारीक, तांबड्या आणि काळ्या पट्ट्यांचा. मानेवर किंवा हातावर तो बसतो, आपण झोपेत त्याला चिरडून टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी आग होऊन फोड उठतात. आपण म्हणतो, किडा चावला. पण हा किडा चावत नाही, आणि त्याला नांगीही नाही. त्याच्या अंगातल्या रसात जहाल विष असते, आणि तो चिरडला की ते आपल्या कातडीला लागते. शास्त्रज्ञ या जातीच्या किड्यांना पीडेरस म्हणतात.

हे विष मुळात कोणाचे, या प्रश्नाचा उलगडा व्हायला माणसाला बाराशे वर्षांहून अधिक काळ लागला. तो इतिहास आज आपल्याला पाहायचा आहे.

याची सर्वांत जुनी नोंद चीनमधली आहे. तेथे तांग घराण्याचे राज्य असताना, इ. स. ७३९ मध्ये, चेन त्सांग-ची नावाच्या वैद्याने औषधींवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एका विषारी किड्याचे वर्णन आहे. तो अंगाला लागला की कातडी सुजते, तोंडाला लागला तर साल निघते, असे वैद्यबुवा सांगतात. ते वर्णन पीडेरसचेच असावे, असे अभ्यासक मानतात. पण चेन एवढ्यावर थांबला नाही. गोंदलेल्या खुणा घालवायला, गजकर्णावर, आणि नाकात वाढणाऱ्या मांसावर हाच किडा उपयोगी पडतो, असेही त्याने लिहून ठेवले. विष आणि औषध यांत फरक असतो तो मात्रेचा, हे जुन्या वैद्यांना पक्के ठाऊक होते. आपल्याकडे बिब्बा आणि बचनाग यांच्याबाबत हेच म्हणत नाहीत का?

त्यानंतरचा मोठा टप्पा गाठला गेला तो थेट विसाव्या शतकात, इटलीमध्ये. पाव्हिया येथील मारिओ पाव्हान आणि त्यांचे सहकारी बो यांनी हे विष स्फटिकरूपात वेगळे काढले आणि १९५३ साली ती हकीकत प्रसिद्ध केली. त्या विषाला नाव मिळाले पेडेरिन. एका किड्यात ते असते अगदी सूक्ष्म, म्हणून त्याचा अभ्यास करण्यासाठी शेतांतून सुमारे अडीच कोटी किडे जमवावे लागले. अडीच कोटी! पुढे १९६५ साली इटलीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना मांडली, आणि १९६८ साली जपानी शास्त्रज्ञांनी ती दुरुस्त केली. पेशीमध्ये प्रथिने तयार होण्याचे जे काम अखंड चालू असते, तेच हे विष बंद पाडते, असे आढळले. मग साहजिकच विचार आला, की कर्करोगाच्या बेसुमार वाढणाऱ्या पेशींना याने आळा घालता येईल काय?

इथवर सर्वांची समजूत हीच, की विष किड्याचे, किडाच ते बनवतो.

या समजुतीला तडा गेला तो जर्मनीत. रूपर्ट केल्नर यांनी हे किडे पाळून पाहिले. त्यांना आढळले, की भरपूर विष बनवणाऱ्या असतात त्या माद्याच, आणि त्याही सगळ्या नव्हेत. विषारी मादी आपल्या अंड्यांतून विष पुढे देते, आणि त्यामुळे तिच्या पिल्लांना कोळी तोंड लावीत नाहीत. आता गंमत पाहा. बिनविषारी मादीच्या पिल्लांना विषारी मादीची अंडी खाऊ घातली, तर त्यांतल्या माद्या मोठ्या झाल्यावर विषारी निघाल्या. आणि जंतुनाशक औषध दिले, तर विष बनवण्याची शक्तीच गेली. याचा अर्थ काय? विष बनवणारा दुसराच कोणीतरी त्या किड्याच्या पोटी बिऱ्हाड करून राहत होता!

तो कोण, हे २००२ साली येना येथील मॅक्स प्लांक संस्थेत काम करणाऱ्या यॉर्न पील यांनी दाखवून दिले. पेडेरिन बनवण्यासाठी लागणारी जनुके किड्याची नसून एका जंतूची आहेत, असे त्यांना आढळले. जखमा चिघळवणारा स्यूडोमोनास नावाचा जंतू डॉक्टरांच्या परिचयाचा आहे, त्याच्याच जवळच्या नात्यातला हा जंतू. किडा त्याला आसरा देतो आणि जंतू भाडे म्हणून विष देतो, असा हा व्यवहार.

यातूनच आणखी एक कोडे सुटले. समुद्रातल्या स्पंज नावाच्या प्राण्यांत १९८८ साली पेडेरिनसारखीच द्रव्ये सापडली होती. कुठे शेतातला किडा, आणि कुठे समुद्राच्या तळचा स्पंज! दोघांत एकच विष कसे? २००४ साली पील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की स्पंजातही ते बनवतो तो आत राहणारा जंतूच. घरे दोन, पण कसब एकाच तऱ्हेचे.

मग याचे औषध झाले का? नाही. पेडेरिन निरोगी पेशींनाही मारते, म्हणून ते जसेच्या तसे रोग्याला देता येत नाही. रसायनशास्त्रज्ञ त्याच्या रचनेत फेरफार करून पाहतात, ते यासाठीच. पण वाट मात्र उघडली. २०१९ साली ब्राझीलमधल्या बुरशीची शेती करणाऱ्या एका मुंगीवरच्या जंतूपासून सायफोमायसिन नावाचे द्रव्य मिळाले, आणि उंदरांवरच्या प्रयोगात ते बुरशीच्या रोगावर गुणकारी ठरले. जुन्या औषधांना रोगजंतू दाद देईनासे झाले आहेत, अशा काळात या शोधांचे मोल मोठे आहे.

जंतूंपासून औषध ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, आणि तेथील शास्त्रज्ञांनी एका जंतूपासून १९६१ साली हमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधून काढले. त्या जंतूच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे! तेव्हा शोध चालला होता मातीत. आता तो किड्यांच्या पोटापर्यंत पोचला आहे.

शेतकरी बंधूंना एवढेच सांगणे, की हा किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकरीने उडवा. चिरडलाच, तर ती जागा लगेच साबणपाण्याने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. औषधी आहे म्हणून घरी त्याचे प्रयोग तर मुळीच नकोत. आणि हा किडा भातावरचे तुडतुडे खातो, तेव्हा शेतात तो आपला वैरी नव्हे, राखणदार आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी. चीनच्या वैद्याने पाहिले ते खरे होते, इटलीच्या शास्त्रज्ञांनी काढले ते विषही खरे होते. पण ‘सगळ्याच माद्या विषारी का नाहीत?’ असा साधा प्रश्न कोणी विचारला, तेव्हा खरा धनी सापडला. वर्गातल्या एखाद्या पोराने असा प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नये.