काळ्या पित्ताचा शोध

इतिहासाच्या दप्तरात एक आरोपी असा आहे, की त्याला डोळ्यांनी कधी कोणी पाहिले नाही. आणि तरीही त्याच्यावर जवळजवळ दोन हजार वर्षे खटला चालला. त्याचे नाव काळे पित्त. माणूस आतून विझू लागला, त्याला अन्न गोड लागेना, झोप येईना, लेकराबाळांत जीव रमेना, म्हणजे ग्रीसचे वैद्य म्हणत, याच्या अंगात काळे पित्त साठले. त्यांच्या भाषेत 'मेलास' म्हणजे काळे आणि 'खोले' म्हणजे पित्त. त्यावरून त्या दुखण्याला 'मेलँकोलिया' हे नाव पडले. आज आपण त्याच्या जवळच्या दुखण्याला नैराश्य म्हणतो, डिप्रेशन म्हणतो.

मी डॉक्टर नव्हे. शाळेत मुलांना इतिहास शिकवावा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्या, एवढाच माझा व्यवसाय. पण दुःख शरीरात नेमके कोठे वस्ती करते, रक्तात की मेंदूत, या प्रश्नाचा माणसाने केलेला पाठलाग मला एखाद्या मोहिमेइतकाच चित्तवेधक वाटत आला आहे. फराळाचे ताट हाताशी असू द्यावे आणि वाचकांनी घटकाभर माझ्याबरोबर यावे.

हिपोक्रेटिसच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथांत दोन्ही संशयित आधीच हजर आहेत. भीती आणि खिन्नता फार दिवस टिकली तर तो काळ्या पित्ताचा विकार, असे एके ठिकाणी म्हटले आहे. तर दुसऱ्या ठिकाणी हर्ष आणि शोक मेंदूतूनच उपजतात, असे सांगितले आहे. दुसऱ्या शतकात गॅलनने पित्ताचा पक्ष उचलून धरला. पाणथरी हे पित्त गाळते, असे त्याचे मत. मग काय, शिरा तोडून रक्त काढणे आणि जालीम रेचके देणे, हा उपचार शतकानुशतके चालला. आपल्याकडे चरकसंहितेत रोग वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला पहिला मान दिला आहे. मनाची खिन्नता शरीराला खाते, हे त्या वैद्यांनीही ओळखले होते.

१६२१ साली ऑक्सफर्डच्या रॉबर्ट बर्टनने या एकाच विषयावर एक अवाढव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. तो स्वतः या दुखण्याने गांजलेला होता. खिन्नता टळावी म्हणून आपण खिन्नतेवर लिहीत बसलो, असे त्याने प्रांजळपणे सांगून टाकले आहे. पुढे प्रेतांची चिरफाड करणाऱ्यांना पित्ताशयात पिवळे पित्त सापडले. काळे मात्र कोठेच सापडेना. आरोपी काल्पनिक ठरला. तथापि या चुकीच्या सिद्धांताची एक पुण्याई मान्य केली पाहिजे. खिन्न माणूस पापी नव्हे, त्याला भुताने झपाटलेले नाही, तो आजारी आहे, एवढे तरी त्याने सांगून ठेवले.

नवा आरोपी विसाव्या शतकात सापडला, आणि तोही रक्तातच. १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे संशोधकांना रक्तद्रवात रक्तवाहिन्या आकुंचित करणारा एक पदार्थ मिळाला. त्याला त्यांनी सेरोटोनिन म्हटले. १९५३ मध्ये तोच पदार्थ मेंदूतही असल्याचे बेटी ट्वॅरॉग आणि अर्व्हाइन पेज यांनी दाखवले.

आता या कथेत आपली मुंबई येते. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या देशात वेडावर आणि सर्पदंशावर पूर्वापार वापरात होती. तिच्या गुणांविषयी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबावर वापरून १९४९ साली आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये बाझल येथे तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रक्तदाब उतरू लागला. पण ते घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागले. किती जण, यावर पुढे वाद झाले. १९५५ साली मात्र असे दिसून आले, की रिसर्पीनमुळे सेरोटोनिनचा साठा रिता होतो.

त्याच सुमारास उलट दिशेने एक नवल घडले. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना १९५२ साली इप्रोनियाझिड हे नवे औषध देण्यात आले. खाटेला खिळलेली माणसे हसू-बोलू लागली. सेरोटोनिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये मोडणाऱ्या विकराला हे औषध रोखते, असे आढळले. नेथन क्लाइन यांनी १९५७ साली ते नैराश्यावरचे औषध म्हणून पुढे आणले, आणि त्याच साली स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेनच्या रोलँड कून यांनी इमिप्रामीनचे गुण जाहीर केले. १९५७ चे लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले, त्यांत क्लाइनही होते आणि आपले वकीलही होते!

हिशेब किती सरळ दिसत होता! द्रव्य घटले की माणूस खचतो, वाढले की सावरतो. १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रिनलिनच्या बाजूने आणि पुढे ॲलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनच्या बाजूने हा सिद्धांत मांडला. 'मेंदूतले रसायन कमी झाले' हे वाक्य घरोघर पोचले.

पण हिशेबात खोट होती. औषधाने रसायन काही तासांत बदलते, मन उभारी धरायला मात्र कित्येक आठवडे लागतात. शिवाय शरीरातले बहुतेक सेरोटोनिन आतड्यात तयार होते आणि रक्तातले सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. तेव्हा रक्त मोजून मेंदूची खबर कळावी कशी? २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी सगळा पुरावा तपासून सांगितले, की सेरोटोनिनच्या कमतरतेने नैराश्य येते, असे सिद्ध होत नाही. याचा अर्थ औषधे फुकट, असा मात्र कोणी करू नये. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. तपासलेली एकवीसही औषधे खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. कपाळावर सुंठीचा लेप दिला आणि डोके उतरले, म्हणजे डोके सुंठीच्या अभावी दुखत होते, असे थोडेच आहे?

मग मेंदूची चित्रे निघाली. कानाच्या आतल्या अंगाला, मेंदूत खोल, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग आहे; त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. स्मृतीचे बरेचसे काम त्याच्याकडे. वारंवार नैराश्य येणाऱ्यांत तो लहान आढळतो, असे १९९६ साली सेंट लुइसमध्ये दिसले. २०१६ मध्ये १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसे यांची तुलना प्रसिद्ध झाली. फरक निघाला, पण सरासरीने सुमारे १.२ टक्के! हजारोंच्या बेरजेत दिसणारा हा फरक एकट्या माणसाच्या चित्रात ओळखता येत नाही. काही रुग्णांच्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचे द्रव्य वाढलेले असते, पण सर्वांच्या नाही.

हे सारे मी का सांगत बसलो? माझ्या ओळखीच्या एका गणिताच्या शिक्षकांचे बोलणे हळूहळू बंद झाले. फळ्यावर उदाहरण अर्धे टाकून ते खिडकीबाहेर पाहत राहत. घरच्यांनी रक्त तपासले, थायरॉइड पाहिले, बी-बारा पाहिले. हे योग्यच होते, कारण त्यांच्या बिघाडानेही माणूस असाच मरगळतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, आणि घरात जणू निकाल लागला: "काही झालेले नाही तुम्हाला. मन घट्ट करा!" ज्या कागदाने दिलासा द्यायचा, तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला. ते पुढे मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. त्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून तासभर त्यांचे ऐकून घेतले. औषध आणि बोलणे, दोन्ही चालू झाले. वर्षाने उदाहरणे पुन्हा पुरी होऊ लागली.

दोन हजार चारशे वर्षांच्या या पाठलागातून मला एवढेच उमगले आहे. नैराश्य रक्तामांसाला शिवते, यात संशय नाही. पण त्याची सही एका थेंबात किंवा एका चित्रात अजून कोणाला वाचता आलेली नाही. रक्ताच्या तपासणीने इतर दुखणी शोधता येतात, नैराश्य नाकारता येत नाही. ते ओळखण्याचे साधन आजही तेच आहे, जे हिपोक्रेटिसच्या काळी होते: माणसाशेजारी बसणे आणि त्याला विचारणे.

सणासुदीला घर भरलेले असते. अशा भरल्या घरात कोणी आकाशकंदिलाखालीही अंधारात बसल्यासारखे दिसले, तर त्याला 'काय कमी आहे तुला?' असे विचारू नये. काय कमी आहे, हे अजून मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही नीटसे सांगता आलेले नाही. 'झोप लागते का? जेवण जाते का? जगणे नकोसे वाटते का?' असे विचारावे, उत्तर निमूटपणे ऐकावे, आणि त्याच्याबरोबर आपण स्वतः डॉक्टरांकडे जावे.