पट्टीवरच्या तारा: विदर्भातील घरगुती वीजजोडणी

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा जलाशय १९१७ साली सिंचनासाठी बांधून झाला, तेव्हा देशात १९१० चा वीज कायदा लागू होता. तथापि ग्रामीण विदर्भात घरगुती वीज प्रामुख्याने १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या काळात पसरली. त्या काळच्या घरांत भिंतीवर ठोकलेल्या लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी जखडलेल्या तारा दिव्यांपर्यंत जात, आणि प्रवाह मर्यादेपलीकडे वाढताच स्वतः वितळून मंडल तोडणारी बारीक तार, म्हणजेच फ्यूज, चिनी मातीच्या ‘किटकॅट’मध्ये बसवली जाई. १९५६ च्या वीज नियमांनी जमिनीशी जोडलेल्या न्यूट्रल तारेवर एकटे बटण किंवा फ्यूज बसवण्यास मनाई केली, कारण तसे बटण बंद केल्यावर दिवा विझला तरी होल्डरमध्ये पुरवठ्याचा दाब कायम राहतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळण्याची सवय तर अधिकच घातक होती, कारण मग पट्टीवरची तारच तापून तिचे रबरी आवरण ठिसूळ होई. शिवाय शरीरातून जाणारा अल्प प्रवाह फ्यूज वितळवू शकत नसल्याने, ३० मिलिअँपिअरपर्यंतच्या गळतीतच पुरवठा तोडणारे आरसीसीबी हे उपकरण जुन्या घरांतही आवश्यक ठरते.