भिंतीवरची रेघ, काचेवरची रेघ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून चित्रांविषयी बोलायचं म्हणजे जरा पंचाईतच. चित्र दाखवता येत नाही, नुसतं सांगावं लागतं. पण आज ज्या कलावंताविषयी बोलणार आहे, त्याची निम्मी चित्रं आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहेत. पॅरिसमध्ये नव्हे, आपापल्या गल्लीत. भिंतीच्या गिलाव्याला पडलेली दोन भोकं, त्याखाली कुणी पोरानं खिळ्यानं ओढलेली आडवी रेघ, की झाला चेहरा. किंवा एक बदाम आणि त्यातून आरपार गेलेला बाण.

या कलावंताचं नाव ब्रासाय. मूळ नाव ग्युला हालास. जन्म १८९९चा, ट्रान्सिल्व्हानियातल्या ब्राशो गावचा. हे गाव तेव्हा हंगेरीत होतं, पहिल्या महायुद्धानंतर ते रुमानियात गेलं. 'ब्रासाय' म्हणजे 'ब्राशोचा'. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव होतं, तसंच हे. आम्हा मराठी मुसलमानांतही अशी 'कर'वाली आडनावं पुष्कळ आहेत, म्हणून मला या नावाविषयी पहिल्यापासून आपुलकी वाटली. माणसाचं गाव सुटतं, गावाचा देशही बदलतो, पण नावात गाव राहतं.

ब्रासाय चित्रकला शिकला बुडापेस्टला आणि बर्लिनला. १९२४ साली पॅरिसला आला आणि वर्तमानपत्रांसाठी लिहून पोट भरू लागला. कॅमेरा त्यानं हातात घेतला तिशीच्या सुमारास. रात्रीच्या पॅरिसच्या छायाचित्रांचं त्याचं पुस्तक १९३०च्या दशकाच्या आरंभी आलं आणि त्याचं नाव झालं. धुकं, दिव्यांचे खांब, ओले रस्ते, कॅफेतली माणसं हे सगळं पुष्कळांनी वाखाणलं आहे. मला बोलायचं आहे ते त्याच्या भिंतींविषयी.

पॅरिसच्या कष्टकरी वस्त्यांमधून फिरताना त्याला भिंतींवर कोरलेल्या आकृत्या दिसू लागल्या. चेहरे, कवट्या, जनावरं, प्रेमाच्या खुणा. त्या काळी पॅरिसच्या भिंतींवर ठळक अक्षरांत एक सूचना हमखास असे. २९ जुलै १८८१च्या कायद्यानुसार इथं पत्रकं चिकटवायला मनाई आहे, अशी. सरकारचं अक्षर रंगवलेलं, सुबक. त्याच्याच आसपास कुणाच्या तरी चाकूनं, खिळ्यानं खरवडलेला हा दुसरा मजकूर. १९३३ साली 'मिनोतोर' या पॅरिसच्या नियतकालिकात ब्रासायनं या भिंतींची छायाचित्रं आणि एक लेख छापला. गुहेच्या भिंतीपासून कारखान्याच्या भिंतीपर्यंत, असा त्या लेखाच्या नावाचा अर्थ. गुहेत रेड्याचं चित्र काढणारा आदिमानव आणि वस्तीतला मुलगा यांच्या हातात त्याला एकच ओढ दिसत होती.

काम करण्याची त्याची रीत बघण्यासारखी होती. खिशात छोटी वही असायची. कोरलेली आकृती दिसली की तो वहीत तिचं रेखाटन करी आणि शेजारी जागा टिपून ठेवी. मग बरा प्रकाश असेल तेव्हा येऊन छायाचित्र घ्यायचं. बाजूनं ऊन आलं की रेघेच्या खाचेत सावली भरते आणि चित्र भिंतीतून वर येतं. काही आकृत्यांकडे तो वर्षांनंतर पुन्हा गेला. तोवर पावसानं गिलावा झिजलेला असे, दुसऱ्या कुणी आणखी दोन रेघा ओढलेल्या असत, किंवा भिंतच गेलेली असे. हा उद्योग त्यानं पंचवीस वर्षांहून अधिक काळ केला. १९५६ साली न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये या छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं आणि १९६१ साली 'ग्राफिती' हे त्याचं पुस्तक पॅरिसला निघालं.

आता दुसरी गोष्ट. ती काचेवर घडली.

ब्रासायच्या कॅमेऱ्यात तेव्हा फिल्म नव्हती, काचेच्या लहान पट्ट्या होत्या. साडेसहा बाय नऊ सेंटिमीटरच्या. पिकासोच्या घरी छायाचित्रं घेत असताना अशी एक कोरी पट्टी तिथं राहून गेली. पिकासोच तो, त्यानं तिच्यावर एक चेहरा कोरून टाकला! काचेवरचा रासायनिक थर सुईनं खरवडला की तिथून उजेड आरपार जातो आणि कागदावर ती रेघ काळी उमटते. ही युक्ती जुनीच. एकोणिसाव्या शतकात कोरोसारख्या फ्रेंच चित्रकारांनी ती वापरली होती.

पुढं १९३४-३५च्या सुमारास ब्रासायनं स्वतःच हातात सुई घेतली. मात्र कोऱ्या काचेवर नव्हे. त्यानं आपलीच जुनी निगेटिव्ह काढली आणि त्यांच्यावर रेखाटायला सुरुवात केली. स्त्रीदेहाच्या छायाचित्राला त्यानं घटाचा आकार दिला, कुठं चेहऱ्याला खडकाचं रूप दिलं. मधूनमधून मूळ छायाचित्र शिल्लक ठेवलं, त्वचा, एखादा अवयव, आणि भोवती रेघांचं रान. छायाचित्र कुठं संपतं आणि चित्र कुठं सुरू होतं, ते नेमकं बोट ठेवून सांगता येत नाही. या चित्रांना त्यानं 'रूपांतरं' अशा अर्थाचं फ्रेंच नाव दिलं. त्यातली बारा चित्रं १९६७ साली संचरूपानं प्रसिद्ध झाली.

यात जोखीम होती, हे आपण लक्षात घ्यायला हवं. कागदावरची रेघ खोडता येते. काचेवर एकदा थर खरवडला की मूळ छायाचित्र गेलं ते गेलंच. आपल्या चांगल्या निगेटिव्हवर सुई ठेवायला छाती लागते.

त्याच्या आतला चित्रकार मात्र गप्प बसायला तयार नव्हता. त्याची तरुणपणची रेखाटनं पाहून पिकासोनं त्याला टोकलं होतं. सोन्याची खाण असताना मिठाची खाण काय खणतोस, अशा अर्थाचं. पुढं पॅरिसवर जर्मनांचा ताबा आला. रस्त्यावर छायाचित्रं घ्यायला त्यांचा परवाना लागे. तो मागायला ब्रासायनं नकार दिला. रस्ता बंद झाला, तसा तो पुन्हा रेखाटनाकडे वळला. युद्धानंतर, १९४६ साली, त्याच्या तीस रेखाटनांचं पुस्तक झाक प्रेव्हेरच्या कवितेसह निघालं.

मला या दोन्ही कामांत एक भेद दिसतो आणि तो फार मोलाचा वाटतो. भिंतीवरच्या चित्राचं ब्रासायनं छायाचित्र घेतलं, वहीत नक्कल केली, त्यावर लेख लिहिला. सुई चालवावीशी वाटली, तेव्हा त्यानं ती आपल्या स्वतःच्या काचेवर चालवली. खोडलं ते आपलं.

तरीही एक प्रश्न उरतोच. 'ग्राफिती' या पुस्तकावर नाव ब्रासायचं आहे. आकृत्या कोरणाऱ्यांचं कुठंच नाही. ते नाव त्याला मिळणारही नव्हतं, हे खरं. निवड, प्रकाश, चौकट ही त्याचीच. पण रेघ दुसऱ्याची होती. मी कविता लिहितो, म्हणून हा प्रश्न मला परका नाही. आमच्या घरातल्या बायका जात्यावर मराठीच ओव्या म्हणत. त्यांची लय माझ्या ओळींत आली आहे. संग्रहावर नाव माझं. त्या ओव्या पहिल्यांदा रचल्या कुणी, ते कुणालाच सांगता यायचं नाही. अशा वेळी घेणाऱ्यानं निदान एवढं करावं, की हे मी घेतलं आहे, असं उघड सांगावं. ब्रासायनं ते सांगितलं. त्या निनावी हातांना त्यानं गुहेतल्या चित्रकारांच्या पंगतीला बसवलं.

आज हे काम फार सोपं झालं आहे. रस्त्यावरच्या भिंतीचा फोटो मोबाइलवर काढायचा, त्याच पडद्यावर बोटानं रेघा ओढायच्या, रंग भरायचे. माझ्या ओळखीची अनेक तरुण मुलं असं करतात आणि सुंदर करतात. काच फुटायची भीती नाही, मूळ फोटोही शाबूत राहतो. त्यांना मी एवढंच सुचवतो की तो मूळ फोटो जपून ठेवा. गल्लीचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. भिंतीवर चित्रकाराची सही असेल तर ती कापू नका. आणि वर्षभरानं पुन्हा त्याच भिंतीपाशी जाऊन या.

ब्रासाय १९८४ साली गेला. २०१६ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्याच्या भिंतींच्या छायाचित्रांचं पुन्हा प्रदर्शन भरलं. लोक रांग धरून ज्या चेहऱ्यांपुढं उभे राहिले, ते कधी काळी कुणा पोरानं शाळेतून घरी जाता जाता, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर चुकवून कोरले असतील.