पाटणे येथील महेश्वरमंदिर व चांगदेवाचा मठ

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे हे लहानसे खेडे आहे. डोंगरमाथ्यावरील पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांवरून या वाटेची प्राचीनता ध्यानात येते. खानदेश व दक्षिणेकडील पठार यांना जोडणाऱ्या घाटाच्या मुखाशी असलेले हे गाव बाराव्या शतकात केवळ खेडे नव्हते. त्याचे ‘पाटण’ हे जुने नावच नगरवाचक आहे. इ. स. १८८० च्या खानदेश गॅझेटियरच्या काळी मात्र ते ओसाड झाले होते. आज जंगलाने वेढलेले महेश्वराचे देवालय आणि चंडिकादेवीचे स्थान, एवढीच त्या नगराची मुख्य खूण उरली आहे.

या प्रदेशावर त्या काळी निकुंभ घराण्याचा अंमल होता. स्वतःस सूर्यवंशी म्हणविणारे हे राजे देवगिरीच्या यादवांचे मांडलिक होत. महेश्वराच्या देवालयातील शके १०७५ (इ. स. ११५३) च्या शिलालेखावरून असे दिसते की, निकुंभ इंद्रराजाने हे शिवालय बांधावयास घेतले, परंतु त्याच्या मृत्यूनंतर पुत्र गोवन लहान असल्याने राज्यकारभार राणी श्रीदेवीने पाहिला आणि तिच्या काळात मंदिर पूर्ण झाले. तेव्हा भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ सिद्ध होऊन अवघी तीन वर्षे लोटली होती.

भास्कराचार्यांच्या कुलाचा या गावाशी असलेला संबंध दुसऱ्या एका शिलालेखाने उजेडात आणला. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांना येथील देवीच्या मंदिरात आढळला. त्यावरील त्यांचा निबंध इ. स. १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कीलहॉर्न यांनी त्याचे संपादन केले. त्रिविक्रमापासून भास्कराचार्यांपर्यंतची वंशावळ या लेखात आली आहे. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास यादवनृपती जैत्रपालाने आपल्या पदरी नेले आणि लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने पितामहांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’चे व त्यांच्या वंशजांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून पाटण येथे मठ स्थापिला. निकुंभ सोइदेवाने श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी, त्या मठास दान दिले. लेखात शके ११२८ हा अंक आहे. त्यातील प्रभव संवत्सराशी मेळ घालून ही तिथी ९ ऑगस्ट १२०७ अशी धरली जाते.

या लेखाची प्रसिद्धी मुख्यत्वे वंशावळीमुळे झाली. भास्कराचार्यांनी सांगितलेले सह्याद्रीजवळचे विज्जडविड हे गाव कोणते, या वादातही त्याचा आधार वारंवार घेतला गेला. परंतु मठाची स्थापना येथे झाली एवढ्यावरून पाटण हेच विज्जडविड ठरत नाही; नातवाचे कार्यक्षेत्र आणि आजोबांचे निवासस्थान या दोन भिन्न गोष्टी होत.

सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लेखाचा अखेरचा भाग अधिक मोलाचा आहे. वरचा मजकूर संस्कृत पद्यात आहे. उत्पन्नाचा तपशील येताच भाषा पालटते आणि मराठी सुरू होते. म्हणूनच शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या संग्रहात त्याचा समावेश झाला. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर राजास ग्राहकाकडून मिळणारी पट्टी मठास दिली आहे. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांस मिळणारा हक्कही त्यांनी मठास सोडला आहे. पेठेत जे मापावयाचे ते मठाच्या मापाने मापावे, मापणावळीचा अर्धा भाग मठाचा. आणि जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल द्यावे, अशी व्यवस्था आहे.

भाषेचा हा पालट अर्थपूर्ण आहे. राजाची व पंडितांची कीर्ती संस्कृतात सांगता येत होती. पण ज्यांनी प्रत्यक्ष द्यावयाचे, त्या तेल्यास, दुकानदारास व मापाऱ्यास आपले देणे काय ते कळणे अवश्य होते. ग्रहगणितासारख्या दुर्गम शास्त्राचे अध्ययन केवळ राजाश्रयावर नव्हे, तर घाण्याच्या तेलावर आणि पेठेच्या मापावर उभे होते, हे या ओळींवरून स्पष्ट होते. ज्या समाजाच्या श्रमातून ही पळी भरत होती, त्यातील किती जणांस मठाचे दार उघडे होते, हा प्रश्नही त्याच ओळी उपस्थित करतात.

चाळीसगाव परिसरातीलच बहाळ येथील शके ११४४ (इ. स. १२२२) चा लेख या संदर्भात लक्षणीय आहे. भास्कराचार्यांचा बंधू श्रीपती याचा नातू अनंतदेव याने तेथे भवानीचे मंदिर बांधले. तोही सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. एकाच कुलातील एकाने मठ आणि दुसऱ्याने मंदिर उभारावे, यावरून विद्या व देवस्थान ही त्या काळी परस्परांपासून दूर नव्हती, हे ध्यानात येते.

पेठेच्या उत्पन्नावर बेतलेल्या संस्थेचे आयुष्य पेठेच्या आयुष्याशी बांधलेले असते. पाटणची पेठ राहिली नाही, घाणे थांबले, मठाची इमारतही आज दाखविता येत नाही. महेश्वराचे पाषाण मात्र टिकले आणि देवीच्या दर्शनाची परंपरा चालू राहिली. मंदिराच्या शिल्पाची जितक्या आस्थेने नोंद होते, तितक्याच आस्थेने या मराठी ओळींचे वाचन व्हावयास हवे. कारण देवळाभोवतीचे गाव कसे जगत होते, हे त्याच सांगतात.