लगाम कोणाच्या हाती?

भीतीने आपल्या काळजात धस्स होते, बातमी ऐकून ठोका चुकतो, लेकराच्या कौतुकाने काळीज सुपाएवढे होते. मनातली गोष्ट हृदयापर्यंत पोहोचते, हे भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ती कोणत्या वाटेने पोहोचते आणि तिथे जाऊन नेमके काय करते, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. या शोधाचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सतत जाणवत आली. हृदयाला चालवतो कोण, याच प्रश्नाशी माणसे दीर्घकाळ अडून होती; त्याला आवरतो कोण, हा प्रश्न फार उशिरा पुढे आला.

शरीराबाहेर काढलेले हृदयही काही काळ धडधडत राहते, हे दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याला माहीत होते. बेडकाचे हृदय तर योग्य क्षारांच्या पाण्यात ठेवले की तासन्‌तास चालते. मग मेंदूकडून हृदयाकडे येणारे मज्जातंतू हवेत कशाला?

१८४५ साली लाइपझिगच्या एर्न्स्ट आणि एडुआर्ड वेबर या भावांनी नेपल्सच्या शास्त्रज्ञ-परिषदेत याचे उत्तर मांडले. मेंदूच्या तळापासून निघून छाती-पोटात हिंडणारा एक मज्जातंतू आहे, व्हेगस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच ‘भटकणारा’. वेबर बंधूंनी बेडकाच्या व्हेगसला विजेने चेतवले. हृदयाचा वेग वाढला नाही, ते थांबले. वीज बंद केल्यावर पुन्हा चालू लागले. मज्जातंतू म्हणजे हुकूम देणारा, स्नायूला कामाला लावणारा, अशी तोवरची समजूत. ‘थांब’ म्हणणारा मज्जातंतू असू शकतो, हे अनेकांना पटेना. मोरित्झ शिफ यांच्यासारख्या जाणत्या शरीरशास्त्रज्ञाचे म्हणणे होते की, व्हेगस हृदयाला चालवणाराच आहे. विजेच्या माऱ्याने तो थकतो, म्हणून हृदय थांबते. १८६०च्या दशकात हृदयाचा वेग वाढवणारे वेगळे मज्जातंतूही सापडले आणि चित्र स्पष्ट होत गेले: लगाम एकीकडे, चाबूक दुसरीकडे.

पण घोडा स्वतः कसा धावतो? केंब्रिजच्या वॉल्टर गॅस्केल यांनी १८८०च्या दशकात कासवाच्या हृदयावर काम करून दाखवले की, ठोका स्नायूतच उपजतो आणि स्नायूतूनच पुढे सरकतो. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातली त्याची उगमाची जागा प्रसिद्ध केली. आज आपण तिला सायनस नोड म्हणतो. पेशींचा हा लहानसा पुंजका स्वतःहून, लयीत, विजेचे स्पंदन निर्माण करतो.

आता उरला एकच प्रश्न. मज्जातंतूचा निरोप या पुंजक्याला मिळतो कसा? ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरी ऑटो लोवी यांनी बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्याचा व्हेगस शाबूत ठेवला, दुसऱ्याचे मज्जातंतू काढले. पहिल्याचा व्हेगस चेतवून त्याची गती मंदावल्यावर त्यातले द्रावण दुसऱ्यात घातले. तेही मंदावले. मज्जातंतूने वीज पोहोचवली नव्हती, एक रसायन सोडले होते. हा प्रयोग लोवींना स्वप्नात सुचला, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. त्यांनी स्वतःच ती सांगितली आहे. पण मज्जातंतू रसायनाद्वारे बोलत असावेत, ही कल्पना त्यांनी १९०३ सालीच एका सहकाऱ्याजवळ बोलून दाखवली होती, हेही त्यांनीच लिहिले आहे. स्वप्नाच्या मागे सतरा-अठरा वर्षांचे जागेपण होते. निष्कर्ष १९२१ साली छापून आले. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन, आणि १९३६चे नोबेल पारितोषिक लोवी व हेन्री डेल यांना विभागून मिळाले.

दोनच वर्षांनी, मार्च १९३८मध्ये, नाझींनी ऑस्ट्रिया गिळला. लोवी ज्यू. मध्यरात्री सशस्त्र तरुण घरात घुसले आणि त्यांना तुरुंगात घेऊन गेले. आपण मारले जाणार, अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांनी मागितले ते एक पोस्टकार्ड: ताज्या प्रयोगाचा निष्कर्ष नियतकालिकाला कळवण्यासाठी. नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळती करून दिल्यावरच त्यांना देश सोडता आला. त्या रात्री त्यांचे स्वतःचे काळीज कसे धडधडले असेल, याचा विचार केल्याशिवाय मला हा प्रसंग वाचता येत नाही.

फेब्रुवारी १९६८मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. केप टाउनमधल्या जगातल्या पहिल्या रोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. पुढे अशी माणसे वर्षानुवर्षे जगू लागली, तेव्हा वेबर बंधूंचे म्हणणे माणसाच्या छातीत दिसू लागले. निवांत बसलेल्या निरोगी माणसाची नाडी मिनिटाला सत्तरच्या आसपास असते. रोपलेल्या हृदयाची बहुधा नव्वद ते शंभरच्या पुढे. मज्जातंतू कापलेले असतात, लगाम सुटलेला असतो. म्हणजे आपली शांत नाडी हा हृदयाचा मूळ वेग नाही. व्हेगसने क्षणोक्षणी ओढून धरलेला तो वेग आहे.

अशा माणसाला अचानक धक्का बसला, तर त्याचे हृदय लगेच उसळत नाही. रक्तातून अ‍ॅड्रिनलीन येईपर्यंत ते आपल्याच लयीत चालत राहते. मन घाबरलेले असते. काळजात धस्स व्हायला मात्र थोडा वेळ लागतो.