बिसेत्र येथील एक टिपण व समदुःखी सेवक

१. मागाहून रचलेली आख्यायिका आणि समकालीन कागद यांमध्यें विरोध आला असतां कागदाचें प्रामाण्य मोठें, हा आमच्या मंडळींचा जुना दंडक आहे. बखरींच्या भरंवशावर लिहिलेल्या कित्येक गोष्टी अस्सल पत्रांनीं फिरविल्या, हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. या दंडकाचें एक दूरदेशचें उदाहरण प्रस्तुत लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय मनोरुग्णांचा आहे. उपचाराची वाट पाहात पडलेल्या मनुष्यास वैद्याच्या आधीं कोणाचा आधार मिळाला, हा प्रश्न आहे. ज्यानें तेंच दुःख स्वतः भोगलें आहे अशा साह्यकर्त्यास आम्ही या लेखांत ‘समदुःखी’ म्हणणार आहों.

२. पॅरिस शहराच्या दक्षिणेस बिसेत्र नांवाचें प्रसिद्ध इस्पितळ आहे. अठराव्या शतकांत तें इस्पितळ, तुरुंग व निराश्रितगृह असें तिन्ही एकत्र होतें. पॅरिसमधील गरीब मनोरुग्णास त्या काळीं प्रथम ओतेल-द्यू या इस्पितळांत नेत. तेथें रक्त काढणें, रेचक देणें, थंड पाण्यानें स्नान घालणें इत्यादि उपचार कांहीं आठवडे चालत. गुण न आल्यास रोग असाध्य ठरे आणि पुरुषांची रवानगी बिसेत्रला व स्त्रियांची सालपेत्रिएरला होई. म्हणजे बिसेत्रच्या सॅं-प्री नामक विभागांत जे सुमारें २०० पुरुष होते, त्यांना वैद्यशास्त्रानें निकालांत काढलें होतें. त्यांच्या वांट्यास उरलें होतें तें केवळ वाट पाहणें.

३. या विभागाचा कारभारी झां-बाप्तिस्त प्यूसॅं हा वैद्य नव्हता. त्याचा जन्म १७४५ सालचा, पूर्व फ्रान्समधील लाँ-ल-सोनिए गांवचा. धंद्यानें तो कातडीं कमावणारा. १७७१ सालीं गंडमाळेचा रोगी म्हणून तो बिसेत्रमध्यें दाखल झाला, बरा झाला, आणि तेथेंच चाकरीस राहिला. लहानसहान कामें करीत करीत १७८४-८५ च्या सुमारास मनोरुग्णांच्या विभागाची मुखत्यारी त्याजकडे आली. त्याची पत्नी मार्गरीत जुब्लीन ही या कामीं त्याची मोठी साह्यकर्ती होती. प्यूसॅंला स्वतः मनोविकार झाला नव्हता, हें स्पष्ट केलें पाहिजे. तथापि रोगी म्हणून त्याच भिंतींच्या आंत पडून राहणें काय असतें, हें त्याला अनुभवानें ठाऊक होतें.

या गृहस्थानें दोन गोष्टी केल्या. रोग्यावर हात टाकण्याची चाकरांना त्यानें सक्त मनाई केली व मनाई मोडणारांस काढून टाकलें. दुसरी गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची आहे. नवे चाकर त्यानें शक्य तों बऱ्या झालेल्या किंवा बरें होत आलेल्या रोग्यांतूनच निवडले. फिलीप पिनेल या वैद्यानें १८०१ सालच्या आपल्या ग्रंथांत याची कारणें नमूद केलीं आहेत. ज्यांनीं स्वतः छळ सोसला ते तो छळ दुसऱ्यावर करण्यास धजत नाहींत. ज्यांना ममतेच्या वागणुकीनें गुण आला त्यांना तिचें मोल कळतें. आणि काम मिळाल्यामुळें रिकामपणाच्या दोषापासून तेही वांचतात. एकाच व्यवस्थेनें सेव्य व सेवक या दोघांचेंही हित साधलें, असें यावरून दिसतें.

४. आतां कागदाकडे वळूं. प्यूसॅंनें मनोरुग्णांविषयींचीं आपलीं निरीक्षणें एका टिपणांत लिहून ठेविलीं होतीं. हें टिपण पुष्कळ काळ दफ्तरांत पडून होतें. डोरा वायनर या विदुषीनें तें उजेडांत आणून १९७९ सालीं ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिॲट्री’मध्यें प्रसिद्ध केलें. रोग्यांच्या साखळ्या आपण काढून टाकल्या, असें प्यूसॅं त्यांत सांगतो व तिचा काळ ‘प्रेरिआल, वर्ष ५’ असा देतो. फ्रेंच राज्यक्रांतीनें जुना सन टाकून २२ सप्टेंबर १७९२ पासून नवी कालगणना धरली होती. आमच्याकडील राज्याभिषेक शकाप्रमाणेंच ती नव्या सत्तेची निशाणी होय. हिशेब करतां हा महिना १७९७ च्या मे-जूनमध्यें येतो. साखळ्यांच्या जागीं हात आवळून धरणारा जाड कापडाचा अंगरखा आला, व पूर्वीं खिळून पडलेले रोगी हिंडूंफिरूं लागले. अंगरखा हेंही बंधनच. पण लोखंड आणि कापड यांतील अंतर तो अंगावर वागविणाऱ्यास विचारावें.

५. लोकप्रसिद्ध कथा मात्र निराळी आहे. तींत १७९३ च्या सुमारास पिनेल क्रांतीचा पुढारी कूतों यास न जुमानतां बिसेत्रमधील साखळ्या स्वतः तोडवितो. पिनेलचा मुलगा सिपिओं यानें १८३६ सालीं ही कथा रंगवून सांगितली, आणि चित्रकारांनीं तिला रूप दिलें. तोनी रोबेर-फ्लरी याचें १८७६ सालचें चित्र पिनेलला सालपेत्रिएरमध्यें स्त्रियांच्या मुक्तिदात्याच्या रूपांत दाखवितें. तारखा ताडून पाहतां काय आढळतें? पिनेल १७९३ च्या सप्टेंबरांत बिसेत्रला रुजू झाला आणि १७९५ त सालपेत्रिएरला गेला. बिसेत्रच्या साखळ्या निघाल्या त्या वेळीं तो तेथें नव्हताच. ग्लॅडिस स्वेन या विदुषीनेंही १९७७ सालच्या आपल्या ग्रंथांत या आख्यायिकेचें खंडन केलें आहे.

यांत पिनेलला दोष देण्याचें कारण नाहीं. प्यूसॅंचें ऋण त्यानें आपल्या ग्रंथांत मोकळ्या मनानें मान्य केलें, आणि १८०२ सालीं त्याला सालपेत्रिएरला आपणाजवळ आणविलें. प्यूसॅं १८११ सालीं वारला. चूक झाली ती पुढील पिढ्यांची. त्यांनीं विद्वान वैद्याची मूर्ति उभारली आणि अल्पशिक्षित कारभाऱ्यास विसरलें. त्या कारभाऱ्याच्याही मागें जे बरे झालेले रोगी रात्रंदिवस इतरांजवळ वावरत होते, त्यांची तर कोणास आठवणही राहिली नाहीं.

६. आमच्या प्राचीन ग्रंथांत याला आधार आहे काय, असा प्रश्न संस्कृतज्ञ वाचक सहजच करील. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील उन्मादचिकित्सेच्या अध्यायांत सुहृदांनीं धर्मार्थयुक्त वचनांनीं रोग्याचें सांत्वन करावें असें सांगितलें आहे. त्याच अध्यायांत रोग्यास भय दाखविण्याचे उपायही आहेत, हें लपविणें सत्यास धरून होणार नाहीं. शिवाय सुहृद् आणि समदुःखी हे दोन शब्द एक नव्हेत. सुहृद् प्रेमानें जवळ येतो. समदुःखी त्या वाटेनें आधीं जाऊन आलेला असतो. चरकाच्या वचनावरून समदुःख्यांची योजना आमच्याकडे प्राचीन काळीं होती असें प्रतिपादणें म्हणजे पुराव्याची ओढाताण होईल.

समदुःख्यांनीं आपण होऊन संघटना केल्याचें उदाहरण इंग्लंडांत सांपडतें. १८१२ सालीं खून झालेले मुख्य प्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा पुत्र जॉन हा १८३१ पासून १८३४ पर्यंत वेड्यांच्या खासगी इस्पितळांत होता. सुटल्यावर त्यानें १८३८ व १८४० सालीं आपली हकीकत दोन भागांत छापली. पुढें १८४५ सालीं त्यानें इतर सहकाऱ्यांसह, ज्यांच्यावर वेडाचा आरोप आहे अशांची मित्रसभा स्थापिली, आणि कोंडलेल्यांची दाद लावण्याचें काम तिनें कित्येक वर्षें केलें. पर्सिव्हल सुशिक्षित व वजनदार कुळांतला म्हणून त्याची हकीकत छापून निघाली. बिसेत्रच्या सेवकांना तेवढेंही भाग्य लाभलें नाहीं.

७. हा विषय केवळ गतकाळाचा नाहीं. भारतांत २०१५-१६ सालीं झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत निरनिराळ्या मनोविकारांचे शेंकडा ७० ते ९२ रुग्ण उपचारांवांचून असल्याचें आढळलें. बिसेत्रची वाट पाहणी भिंतींच्या आंत होती. ही घरोघर आहे. पुण्यांत १९९७ सालीं स्थापन झालेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांनीं रुग्ण व त्यांचे आप्त यांना एकत्र बसविण्याचा जो उपक्रम चालविला, तो प्यूसॅंच्याच वाटेवरचा आहे. वैद्याची जागा समदुःखी घेऊं शकत नाहीं. वैद्य येईपर्यंत मनुष्यास एकटें पडूं न देणें हें त्याचें काम.

८. शेवटीं आमच्या संग्राहक बंधूंना एक विनंति. थोरांच्या मनोव्यथेस कागद मिळतो. पिनेल बिसेत्र सोडून गेला त्याच १७९५ सालीं सवाई माधवराव शनिवारवाड्यांत वरून खालीं पडून वारले. तो अपघात कीं आत्मघात यावर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. सामान्य घरांतील अशा व्यथेची मात्र नोंद राहात नाहीं, कारण ती लाजेपोटीं पुसली जाते.

कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्याचें दफ्तर चाळण्याचा योग आम्हांस आला. एका पूर्वजाच्या भ्रमिष्टपणासंबंधीं चारपांच पत्रें त्यांत निघालीं. पूर्वीं तीच व्यथा होऊन गेलेला शेजारचा एक गृहस्थ रात्रीं त्यांच्या उशाशीं बसत असे, अशा आशयाचें एक वाक्य आमच्या ओझरतें नजरेस पडलें. यजमानांनीं तीं पत्रें हळूच बाजूस ठेविलीं. आम्हीं संकोचानें नक्कल मागितली नाहीं. पुढल्या खेपेस विचारलें तेव्हां तीं जाळल्याचें कळलें. आज कागद नाहीं. म्हणून त्या वाक्यास आम्ही प्रमाण म्हणूं शकत नाहीं, आणि त्या शेजाऱ्याचें नांवही सांगूं शकत नाहीं. हा दोष यजमानांचा जितका, तितकाच आमचा.

प्यूसॅंचें टिपण सुमारें १८० वर्षें दफ्तरांत पडून राहिलें, तरी तें कोणीं जाळलें नाहीं. तेवढ्यानें एका माणसाचें श्रेय परत आलें. ज्यांच्या दफ्तरांत अशीं पत्रें असतील त्यांनीं नांवें झांकून कां होईना, नक्कल करून ठेवावी, इतकेंच आमचें मागणें आहे.